करंजटेकडी नेमकी कुठून दिसते?

एका जंगलात, बाळांनो, दोन तळी होती. एक उगवतीला आणि एक मावळतीला. मध्ये डोंगर होता. हे जंगल कुठं आहे ते विचारू नका. वनखात्यालाही ते अजून सापडलेलं नाही.

या तळ्यावरून त्या तळ्यावर जायचं तर डोंगराला वळसा घालून अठरा दिवस लागत. पण कुणी फारसं जातच नसे. दोन्ही तळ्यांत पाणीच होतं. एकातलं पाणी सोडून दुसऱ्यातलं पाहायला अठरा दिवस कोण चालणार?

पण सिंहमहाराजांच्या कानावर आलं, की शेजारच्या राज्यात कालवा आहे. झालं! महाराजांची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी हुकूम सुटला. रानडुकरांनी उकरलं, घुशींनी पोखरलं, हत्तींनी माती वाहिली. सात वर्षं काम चाललं. मध्ये जे आलं ते कापलं. शेवटी कालवा झाला. महाराजांनी दातांनी फीत तोडली आणि सवयीनं थोडी गिळलीही.

आता पंचाईत अशी झाली, की कालव्यातून न्यायचं काय? न्यायला काहीच नव्हतं. तेव्हा प्रधान असलेल्या कोल्ह्यानं डोकं चालवलं. तो म्हणाला, "महाराज, प्रवाशांनाच नेऊ. त्यांना कालवा दाखवू."

त्यासाठी एक जहाज बांधलं. तीन मजली, पांढरंशुभ्र. नाव ठेवलं 'जलमयूरी'. सकाळी उगवतीच्या तळ्यातून निघायचं आणि सूर्य कलायच्या आत मावळतीच्या तळ्यात पोचायचं. दोन्ही काठांना काय शोभा! कडे होते, धबधबे होते, पळसाची वनं होती. येताना मात्र जहाजाचे सगळे पडदे ओढलेले असत. एका तिकिटात देखावा एकदाच.

आता याच जंगलात, कालव्याच्या डाव्या काठाला, विश्रामपंत नावाचं एक साळिंदर राहत होतं.

विश्रामपंत बीळनोंदणी कचेरीतून सन्मानानं निवृत्त झाले होते. फार शिस्तीचा प्राणी. कुठलंही काम करण्याआधी ते नीट कसं करावं याचा विचार करायचे, आणि विचार इतका नीट करायचे, की पुष्कळदा काम करायची गरजच उरत नसे. त्यांच्या बायकोचं नाव गोदाक्का. ती साधी, बोलकी आणि कामसू. तिला विचार करायला सवड नव्हती, कारण घरातली सगळी कामं तिच्याकडे होती.

गोदाक्काचं माहेर करंजटेकडीवर. तुम्हाला वाटेल, त्यात काय? पण कालवा या टेकडीच्या मधून गेला होता. अर्धी टेकडी हत्तींनी उचलून नेली. उरलेली अर्धी उजव्या काठाला राहिली. तिच्यावर गोदाक्काच्या धाकट्या भावाचं, केरबाचं बीळ होतं. कालवा झाल्यापासून बहीणभावांची गाठ पडली नव्हती. दोघांनाही पोहता येत नव्हतं आणि कालव्यावर पूल नव्हता. गावकऱ्यांनी पूल मागितला होता. प्रधानांनी कळवलं, की पुलामुळे देखाव्याला बाधा येते.

अकरा वर्षं गेली अशी.

एक दिवस एका टिटवीनं केरबाचा निरोप आणला. निरोप साधाच होता. "आक्का, तू त्या जहाजानं एकदा ये. जहाज थांबत नाही हे मला ठाऊक आहे. पण मी काठाला करंजाच्या झाडाखाली उभा राहीन. तुला बघीन, तू मला बघ. एवढं पुरे."

गोदाक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती म्हणाली, "अहो, जाऊ या ना!"

विश्रामपंतांचं बायकोवर प्रेम होतं. ते ताडकन उठले. म्हणाले, "जाऊ! आणि असं जाऊ, की तुझा केरबा तुला डोक्यापासून शेपटापर्यंत दिसला पाहिजे. प्रश्न एकच आहे."

"कुठला?"

"बसायचं कुठं!"

झालं, विश्रामपंत कामाला लागले.

त्या जंगलात बकोपंत नावाचा एक बगळा होता. तो जलमयूरीवरून नऊ वेळा जाऊन आला होता, त्यामुळे त्याला लोक तज्ज्ञ म्हणत. विश्रामपंत त्याच्याकडे गेले.

बकोपंतानं एक पाय वर घेतला आणि डोळे मिटले. "करंजटेकडी होय? फार सुंदर. पण ती चुकीच्या जागेवरून पाहिलीत तर न पाहिल्यासारखीच."

"तेच तर विचारायला आलो."

"पुढच्या टोकाला उभं राहावं. देखावा आधी तिथंच येतो. अर्थात तिथं गर्दी असते. मग वरच्या मजल्यावर जावं. तिथून लांबचं दिसतं. मात्र जवळचं दिसत नाही. जवळचं हवं असेल तर मधला मजला, उजवी बाजू. आता जाणकार विचाराल, तर ते मागच्या टोकाला उभे राहतात. येणारी गोष्ट कुणीही पाहतो हो. जाणारी पाहायला नजर लागते."

"तुम्ही स्वतः कुठं उभे राहता?"

"मी?" बकोपंतानं एक डोळा उघडला. "मी माशांकडे बघत असतो."

विश्रामपंतांनी हे सगळं लिहून घेतलं. महिनाभर त्यांच्या बिळात दुसरा विषय नव्हता. त्यांनी जमिनीवर जहाजाचा आराखडा काढला. गोदाक्का झाडायला आली की ओरडायचे, "अगं, वरचा मजला पुसलास!" ऊन कुठून येईल, वारा कुठून येईल, सांबर कुठं उभं राहील, सगळ्याचा विचार झाला. गोदाक्का मात्र भावासाठी काय न्यावं याचा विचार करत होती. शेवटी तिनं भाजलेल्या रताळ्यांची पुरचुंडी बांधली.

"जहाज थांबत नाही. देणार कशी?" विश्रामपंत म्हणाले.

"बघू," गोदाक्का म्हणाली.

"हे 'बघू' फार वाईट. बघू म्हणणाऱ्याला काही दिसत नाही," विश्रामपंत म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की तेही त्यांनी लिहून घेतलं.

ठरल्या दिवशी, पहाट फुटायच्या आत, विश्रामपंत जहाजावर सर्वांत आधी चढले. पुढच्या टोकाला त्यांनी पंचा पसरला. वरच्या मजल्यावर छत्री ठेवली. मागच्या टोकाला चष्म्याचं घर ठेवलं. आणि मधल्या मजल्यावर, उजव्या कठड्याच्या खुर्चीत, गोदाक्काला ठेवलं.

"इथून हलायचं नाही. मी चारही जागा तपासून येतो. जी सर्वांत उत्तम ठरेल तिथं तुला घेऊन जाईन. समजलं?"

"अहो, पण इथूनही दिसेलच की."

"दिसेलच की म्हणून समाधान मानलं असतं ना, तर मी कचेरीत मुख्य झालो नसतो."

भोंगा झाला. कप्तान कूर्मराव म्हणजे एक जुनं, जाणतं कासव होतं. त्यांनी सुकाणू धरलं आणि जलमयूरी कालव्यात शिरली.

विश्रामपंत पुढच्या टोकाला धावले. त्यांचा पंचा होता, पण पंच्यावर एक गवा उभा होता. त्याच्यापुढं दोन सांबरं. सांबरांच्या शिंगांतून आकाशाचे तुकडे तेवढे दिसत होते. आणि गंमत अशी, की सगळ्यांची तोंडं विश्रामपंतांकडे! जहाजावर छोटे आरसे मिळत. प्रवासी देखाव्याकडे पाठ करून उभे राहत आणि आरशात स्वतःला बघत. मागं थोडा देखावा दिसायचा. मग मान तिरकी करून म्हणायचे, "छान आलाय!"

"अहो, कडा मागं आहे," विश्रामपंत म्हणाले.

"दिसतोय की. माझ्या कानाच्या बाजूला," गवा म्हणाला.

विश्रामपंत वैतागले आणि जिन्यानं वर पळाले. वरच्या मजल्यावर वारा असा सुटला होता, की त्यांचे काटे सगळे एका बाजूला वळले. छत्री उडून गेली होती. एक म्हातारी घोरपड तेवढी कठड्याला घट्ट धरून होती.

"धबधबा कुठं आहे?" विश्रामपंतांनी ओरडून विचारलं.

"आत्ताच गेला. खालून फार सुंदर दिसला म्हणे," घोरपड ओरडली.

विश्रामपंत खाली धावले. दोन मजले उतरून मागच्या टोकाला पोचले. तिथं चार-पाच जाणकार गंभीर चेहऱ्यानं मागं गेलेल्या गोष्टी पाहत होते. पळसाचं वन नुकतंच संपलं होतं.

"पुढून फार छान दिसलं असेल नाही?" त्यातलं एक तरस हळहळत म्हणालं.

विश्रामपंत पुन्हा पुढं. मग पुन्हा वर. दुपार होत आली. ते जिथं जात तिथं देखावा नुकताच गेलेला तरी असे, नाहीतर दुसऱ्या बाजूला तरी. पाय दुखायला लागले, धाप लागली. पण हार मानतील ते विश्रामपंत कसले! त्यांना आतून सारखं वाटत होतं, की एवढ्या मोठ्या जहाजावर एक तरी जागा अशी असणारच, की जिथून सगळं दिसतं. ती सापडली की गोदाक्काला हाताला धरून तिथं न्यायचं. मग ती म्हणेल, "अहो, तुम्ही होता म्हणून दिसलं हो." या एका वाक्यासाठी ते पळत होते, बाळांनो. हसू नका.

इतक्यात भोंग्यातून कूर्मरावांचा आवाज आला. "सावधान! आता येत आहे... करंजटेकडी."

कासवाचं बोलणं किती सावकाश असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यांचं 'सावधान' संपेपर्यंत टेकडी दिसायला लागली होती.

त्या वेळी विश्रामपंत नेमके जिन्यात होते. वर जावं की खाली? खालून झाड दिसेल, वरून टेकडी दिसेल. ते एक पायरी चढले, मग दोन उतरले, मग पुन्हा एक चढले. जिन्याला खिडकी नव्हती. शोभेसाठी भिंतीवर चित्रं लावली होती. समोरच्या चित्रात अर्धी कापलेली एक टेकडी होती आणि तिच्यावर एक झाड. विश्रामपंतांनी ते नीट पाहिलं. चित्र कुठून काढलं असावं? बहुतेक वरून, उजवीकडून.

"सापडली जागा!" ते ओरडले आणि तीन-तीन पायऱ्या चढत वर गेले.

"करंजटेकडी?" त्यांनी घोरपडीला विचारलं.

घोरपडीनं शेपटीनं मागं दाखवलं. मागं कालव्याचं वळण होतं. टेकडी वळणाआड गेली होती.

विश्रामपंत मटकन खाली बसले. मग त्यांना गोदाक्काची आठवण झाली. निदान तिला तरी दिसली असेल! ते धडपडत मधल्या मजल्यावर आले. खुर्चीत गोदाक्का नव्हती. खुर्चीत एक रानमांजर आरसा बघत बसलं होतं.

"इथं आमचं कुटुंब होतं!"

"त्या होय? त्या सकाळीच गेल्या. म्हणाल्या, बसून बसून पाय आखडले."

अकरा वर्षांनी भाऊ काठाला येणार, आणि ही खुर्ची सोडून गेली! विश्रामपंतांनी सगळं जहाज पालथं घातलं. शेवटी सर्वांत खालच्या तळाशी, पुढच्या टोकाकडच्या स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला.

आत गोदाक्का जमिनीवर मांडी घालून बसली होती. शेजारी सगुणाबाई नावाची एक उदमांजर सुरण चिरत होती. ती जहाजावरची स्वयंपाकीण. समोर पाण्याच्या लगत एक चौकोनी खिडकी होती. तिच्यातून सालं बाहेर टाकायची.

"आलात?" गोदाक्का म्हणाली. "अहो, केरबा भेटला!"

"भेटला? कुठं भेटला?"

"इथंच, या खिडकीत. जहाज काठाला इतकं लागून गेलं, की हात लावला त्याला. म्हणाला, आक्का, वाळलीस गं! मी म्हटलं, तू कुठं मोठा गब्दुल झालायस? पाठीचे काटे पांढरे झाले हो त्याचे. त्याला रताळी दिली. त्यानं हे दिलं." तिनं पळसाच्या पानातला एक मोठा कंद दाखवला. "लांबवर पळत आला बरोबर. दाजी कुठं आहेत, विचारत होता."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, वर आहेत. मला जागा बघतायत."

विश्रामपंतांनी वाकून खिडकीतून बाहेर पाहिलं. "इथून टेकडी दिसली?"

"टेकडीकडे लक्षच नव्हतं."

"बघ. म्हणजे ही जागा काही बरोबर नाही," विश्रामपंत म्हणाले. सगुणाबाईनं त्यांच्यापुढं सुरणाच्या कापांची थाळी सरकवली. त्यांनी दोन काप खाल्ले. मग त्यांना एकदम वाटलं, की मागच्या टोकावरून कदाचित टेकडीचा शेंडा अजून दिसत असेल, आणि ते उठून गेले. दिसत नव्हता.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथं संपली. पण खरी गोष्ट इथं सुरू होते.

दोघं घरी आल्यावर शेजारीपाजारी गोळा झाले. "काय पंत, कसा काय होता कालवा?"

आता विश्रामपंत काय सांगणार? पाहिलं तर काहीच नव्हतं. पण कुठून काय दिसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. म्हणाले, "कालवा कसा आहे हा प्रश्न गौण आहे. कालवा कुठून पाहावा हा खरा प्रश्न."

वा! सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन तास विश्रामपंत बोलले. पुढचं टोक, मागचं टोक, वरचा मजला, उन्हाची बाजू, वाऱ्याची बाजू. ऐकणारे थक्क झाले. पुढच्या आठवड्यात वडाखाली व्याख्यान झालं. मग व्याख्यानमाला झाली. मग पुस्तक आलं. नाव होतं 'कालवा कुठून पाहावा?' बकोपंतानं त्याला प्रस्तावना लिहिली.

करंजटेकडीचं प्रकरण लिहिताना विश्रामपंत अडले.

"ते त्या खिडकीचं लिहा की," गोदाक्का म्हणाली.

"अगं, स्वयंपाकघरातली खिडकी! सालं टाकायची! ते पुस्तकात शोभेल का? आणि उद्या सगळे तिथं बसले तर सगुणाबाईनं सुरण कुठं चिरायचं?"

त्यांनी लिहिलं, "करंजटेकडी पाहण्याची एकमेव योग्य जागा म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरील उजवा कठडा, ध्वजाच्या खांबाजवळ. इतर कोणत्याही ठिकाणाहून पाहिल्यास प्रवास वाया गेला असे समजावे."

एका व्याख्यानात मागच्या रांगेतून एक ससा उठला. त्यानं गोदाक्काला विचारलं, "काकू, तुम्हीही गेला होता ना? तुम्ही काय पाहिलंत?"

गोदाक्का म्हणाली, "मी माझ्या भावाला पाहिलं."

सभेत हशा पिकला. काय साधी बाई आहे! एवढ्या मोठ्या कालव्यात जाऊन भाऊ पाहिला! विश्रामपंतही हसले. त्यांना वाईट वाटलं, पण सगळेच हसत होते.

पुढच्या वर्षी जहाजाच्या मालकांनी विश्रामपंतांना सन्मानानं बोलावलं. या खेपेला जलमयूरी खच्चून भरली होती. गवे, सांबरं, रानडुकरं, अस्वलं. प्रत्येकाच्या हातात पुस्तक. विश्रामपंतांना हार घालून वरच्या मजल्यावर नेलं. ध्वजाच्या खांबाजवळची जागा त्यांच्यासाठी दोरी बांधून राखून ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जागा शोधायची नव्हती.

"तू पण चल वर," ते गोदाक्काला म्हणाले. "या खेपेला नक्की दिसेल."

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी सगुणाबाईला भेटून येते."

कडा आला, कुणी हललं नाही. धबधबा आला, कुणी पाहिला नाही. सगळे पुस्तकाचं एकच पान उघडून बसले होते. आणि मग भोंग्यातून कूर्मराव बोलले, "सावधान! आता येत आहे..."

पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. पुढचे, मागचे, मधले, खालचे, सगळे प्रवासी जिन्यानं वर धावले आणि उजव्या कठड्याला भिडले. दीडशे जनावरं एका बाजूला!

जलमयूरी आधी किंचित कलली. मग चांगलीच कलली. पुढचं टोक उजव्या काठाच्या चिखलात घुसलं. मागचं टोक फिरलं आणि डाव्या काठाला जाऊन थडकलं. अख्खं जहाज कालव्यात आडवं! कूर्मरावांनी परिस्थितीचा एकदा आढावा घेतला आणि ते कवचात गेले. "कप्तान आत आहेत, भेटणार नाहीत," असं त्यांच्या मदतनिसानं जाहीर केलं.

खाली स्वयंपाकघरात भांडी घरंगळली. गोदाक्कानं मान वर केली तर खिडकीबाहेर पाणी नव्हतं, माती होती. करंजाच्या मुळांची ओळखीची माती. आणि मातीवर चार पाय.

"आक्का," केरबा वाकून आत बघत म्हणाला, "जहाज थांबत नाही म्हणतात ना?"

"आज थांबलंय," गोदाक्का म्हणाली.

"मग ये की बाहेर. वेगळं बोलवायला पाहिजे का?"

गोदाक्का खिडकीतून बाहेर पडली. मागोमाग सगुणाबाईही निघाली. म्हणाली, "इतकी वर्षं हा काठ बघतेय, पण त्यावर पाय म्हणून ठेवला नाही."

बातमी दोन्ही काठांना पसरली. डाव्या काठाच्या जनावरांनी पाहिलं, की जहाज या काठापासून त्या काठापर्यंत टेकलंय. मागच्या टोकावरून चढायचं, स्वयंपाकघरातून चालत जायचं आणि खिडकीतून पलीकडे उतरायचं. सशाची मावशी पलीकडे होती. मुंगसाचं सासर पलीकडे होतं. एका म्हाताऱ्या भेकराचं तर अर्धं कुरण पलीकडे राहिलं होतं, ते बघायलाच गेलं. दुसऱ्या सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागली. केरबानं करंजाखाली चुली मांडल्या. सगुणाबाईनं कंद उकडले.

हत्ती येऊन जहाज ओढेपर्यंत सतरा दिवस लागले.

आणि विश्रामपंत?

विश्रामपंत वर होते. ध्वजाच्या खांबाजवळ, दोरीच्या आत. जहाज आडवं झालं तेव्हा त्यांची समाधी लागली होती. कारण समोर अख्खी करंजटेकडी होती! अर्धी कापलेली, उन्हात चमकणारी. वर करंजाचं झाड. झाडाखाली धूर. धुरापलीकडे दोन साळिंदरं एकमेकांना टाळ्या देत हसत होती.

"दिसली!" विश्रामपंतांचे डोळे भरून आले. "मी लिहिलं होतं की नाही? इथूनच दिसते!"

"अगदी बरोबर! काय जागा निवडलीय पंतांनी!" सगळे प्रवासी म्हणाले.

खालून गोदाक्कानं हाक मारली. "अहो! खाली या! कंद गार होतायत!"

केरबाही ओरडला. "दाजी, या की! पान वाढलंय!"

विश्रामपंतांना भूक लागली होती. कंदांचा वास वरपर्यंत येत होता. त्यांना खरोखरच खाली जावंसं वाटलं. त्यांनी दोरी उचलली आणि जिन्याकडे दोन पावलं टाकली. मागं वळून पाहिलं तर एक तरस हळूच दोरीच्या आत पाय घालत होतं.

विश्रामपंत झटकन परत आले.

"आलो, आलो! तुम्ही बसा!" त्यांनी वरून हात हलवला. "तुम्ही इथून फार सुंदर दिसताय!"

"काय म्हणाले?" केरबानं विचारलं.

"येतायत म्हणाले," गोदाक्का म्हणाली, आणि तिनं त्यांच्या पानावर दुसरं पान झाकून ठेवलं.

सतरा दिवस ती रोज झाकून ठेवत होती.

तात्पर्य: उत्तम जागा एकदा मिळाली, की ती कुणी कितीही हाका मारल्या तरी सोडू नये. खाली उतरून जेवायला बसणाऱ्यांना देखावा कधीच दिसत नाही. ते बिचारे देखाव्यात असतात.